बंद घरांची नोंद

२००२ च्या उन्हाळ्यात मी एम.ए.साठी ग्रामीण कादंबरीवर एक लघुप्रबंध लिहीत होते. माझे मार्गदर्शक मितभाषी होते. पहिले प्रकरण वाचून त्यांनी कागदाच्या कडेला पेन्सिलीने एवढेच लिहिले : ‘हे गाव कोणते?’ मी गावाविषयी वीस पाने लिहिली होती. त्यांत माती होती, अस्मिता होती, मूल्यसंघर्ष होता. मात्र गावात घरे किती, जमीन किती जणांकडे, बलुतेदारांपैकी कोण टिकले आणि कोणी पोटासाठी शहर गाठले, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या वीस पानांत नव्हते. ‘गोखले इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात जा. दांडेकर-जगताप वाचा आणि मग पुढे लिहा,’ सर म्हणाले.

बीएमसीसी रस्त्यावरच्या त्या आवारात मी पहिल्यांदा गेले ती अशी, काहीशी नाराज होऊन. साहित्याच्या विद्यार्थिनीला अर्थशास्त्राच्या ग्रंथालयात कशासाठी पाठवायचे, हे मला उमगले नव्हते. विष्णू महादेव दांडेकर आणि म. भा. जगताप यांचे ‘महाराष्ट्राची ग्रामीण समाजरचना’ हे १९५७ चे पुस्तक समोर आले, तेव्हा पहिला धक्का बसला तो भाषेचा. पुस्तक मराठीत होते. गावांची, जातींची, व्यवसायांची मांडणी त्यात होती. आणि ती करणाऱ्या गद्यात एकही विशेषण उगाच आलेले नव्हते. मी ज्या प्रकारचे मराठी चार वर्षे शिकत होते, त्यात गावाबद्दल हळहळ पुष्कळ होती. येथे हळहळ नव्हती, पण गावाकडे इतके एकाग्र होऊन पाहणे मी त्यापूर्वी वाचलेही नव्हते.

त्या उन्हाळ्यापासून ही संस्था माझ्या मनात घर करून राहिली आहे. तिच्याविषयी लिहिण्याचा माझा अधिकार अर्थशास्त्राचा नाही. अधिकार असलाच तर तो एका अपराधाचा आहे. त्याविषयी पुढे लिहिते, आधी संस्थेविषयी.

‘गोखले राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र संस्था’ ६ जून १९३० रोजी पुण्यात स्थापन झाली. साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांनी त्यासाठी देणगी दिली आणि गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये स्थापलेल्या ‘सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी’ने, म्हणजेच भारत सेवक समाजाने, संस्थेचे पालकत्व घेतले. हेतू दोन होते : देशाच्या आर्थिक आणि राजकीय प्रश्नांवर संशोधन करणे, आणि असे संशोधन करणारी माणसे तयार करणे. नफा मिळवणे हा हेतू नव्हता, तसा पक्ष चालवणे हाही नव्हता. १९३० हे साल लक्षात घेतले म्हणजे या दुसऱ्या नकाराचे मोल कळते. मिठाच्या सत्याग्रहाचे ते वर्ष. देशभर माणसे तुरुंगात जात होती. अशा वेळी कोणी आकडे गोळा करण्यासाठी संस्था काढावी, हे अनेकांना थंडपणाचे वाटले असेल.

पण गोखल्यांच्या वारशात हा थंडपणा आधीपासून होता, आणि तो दिसतो तितका थंड नव्हता. गोखले गणिताचे शिक्षक. त्यांनी अंकगणिताचे पाठ्यपुस्तक लिहिले. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात, न्यायमूर्ती रानड्यांच्या करड्या नजरेखाली, त्यांनी सरकारी अहवाल वाचण्याची शिस्त अंगी बाणवली. १९०२ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात अर्थसंकल्पावर पहिले भाषण करताना त्यांनी सरकारने अभिमानाने मांडलेली शिल्लकच पुराव्यासाठी घेतली. दुष्काळाने पोळलेल्या देशात तिजोरीत पैसा उरतो, तो भरभराटीमुळे नव्हे तर कर जास्त आहेत म्हणून, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवले. त्यात मिठावरचा कर होता. पुढल्या वर्षी तो मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. एकट्या भाषणाने कर उतरत नसतो हे खरेच. परंतु ज्याच्यावर रागवायचे त्याची वही आधी वाचायची, ही रीत त्या भाषणाने घालून दिली. संस्थेला गोखल्यांचे नाव केवळ आदरापोटी दिलेले नाही, असे म्हणूनच वाटते.

पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. नेमणूक झाली तेव्हा त्यांचे वय एकोणतीस. भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरचे त्यांचे पुस्तक १९२४ मध्येच प्रसिद्ध झाले होते. ते १९६६ पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षे, संचालक राहिले. सुरुवातीच्या वर्षांतल्या प्रकाशनांची नुसती यादी वाचली तरी गाडगिळांची दृष्टी कळते. १९३३ मध्ये पुण्यातील फळांच्या विक्रीची पाहणी. १९३५ मध्ये मुंबई इलाख्याच्या सहा जिल्ह्यांतील मोटारबस वाहतुकीची पाहणी. १९४० मध्ये वाई तालुक्यातील शेतीच्या जमाखर्चाची. त्यानंतर पुणे शहराची दोन खंडांतली सामाजिक-आर्थिक पाहणी. साम्राज्याच्या अर्थकारणावर ग्रंथ लिहू शकणारा हा माणूस, आणि तो बागेतल्या फळाला बाजारात पोचेपर्यंत किती हातांतून जावे लागते हे विचारत होता. स्वराज्य आले तर त्याला नेमके काय चालवावे लागणार आहे, याची ही उजळणी होती.

मतभेदालाही तेथे जागा होती. काळे यांच्या नावाने संस्थेत दरवर्षी व्याख्यान होते. २९ जानेवारी १९३९ रोजी ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिले. विषय होता संघराज्य आणि स्वातंत्र्य. १९३५ च्या कायद्यातील संघराज्याची योजना त्यांनी त्या व्याख्यानात कलमागून कलम तपासली. तापलेल्या राजकारणाच्या काळात असा विषय सभेच्या मैदानातून उचलून अभ्यासाच्या मेजावर आणता येतो, हे दाखवणे हेही अशा संस्थेचे काम असते.

मराठीची शिक्षिका म्हणून मला सर्वांत अस्वस्थ करणारा अहवाल मात्र वेगळा आहे. १९४८ च्या मुंबई कूळ कायद्याची अंमलबजावणी कशी झाली, याची पाहणी दांडेकर आणि खुदानपूर यांनी केली. ती १९५७ मध्ये प्रसिद्ध झाली. कायदा कुळाला संरक्षण देत होता. कागदोपत्री पाहिले तर फारशी जबरदस्तीही नव्हती, कारण अनेक ठिकाणी कुळाने जमीन ‘स्वखुशीने’ सोडल्याची नोंद होती. पाहणी करणाऱ्यांनी त्या एका शब्दावर विश्वास ठेवला नाही. खेड्यांतल्या जमिनी कोणाकडून कोणाकडे गेल्या, हे त्यांनी तपासले आणि निष्कर्ष काढला तो असा की कायद्याचा प्रत्यक्ष अंमल जवळपास नव्हताच. ज्याचे पोट त्या तुकड्यावर आहे, तो माणूस तो तुकडा स्वखुशीने सोडतो आणि तेही एकटा-दुकटा नव्हे तर गावोगाव, ही खुशी कोणती? साहित्याच्या वर्गात आम्ही शब्दाच्या व्यंजनेवर तासन्‌तास बोलतो. तलाठ्याच्या दप्तरातल्या एका शब्दाची व्यंजना इतक्या कसून कोणी वाचल्याचे उदाहरण मला आमच्या समीक्षेत सहज सापडत नाही.

याच परंपरेतून पुढे ते काम आले, ज्याने आपल्या रोजच्या बोलण्यात एक शब्द पक्का केला : दारिद्र्यरेषा. तशी रेषा आधीही आखली गेली होती. १९६२ मध्ये एका अभ्यासगटाने दरमहा वीस रुपयांचा किमान खर्च धरला होता. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा अभ्यास जानेवारी १९७१ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’च्या दोन अंकांत प्रसिद्ध झाला, तेव्हा दोघेही गोखले संस्थेत होते. माणसाला दिवसाला २२५० उष्मांक देणारे अन्न ज्या खर्चाच्या पातळीवर मिळू लागते, ती पातळी त्यांनी शोधली. १९६०-६१ च्या किमतींनुसार खेड्यात माणशी वर्षाला १८० रुपये, शहरात २७०. म्हणजे खेड्यात महिन्याला पंधरा रुपये. एवढ्या खालची रेषा आखूनही खेड्यांतील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के माणसे तिच्या खाली निघाली. पुढच्या दशकात विकास झाला खरा, पण त्याचा लाभ मुख्यतः वरच्या थरांना मिळाला, हेही त्यांनी दाखवले. उपाय म्हणून सुचवले ते सार्वजनिक कामांतून रोजगाराची हमी. त्या रेषेवर पुढे टीका झाली आणि ती होणे योग्यच होते. भूक म्हणजे केवळ उष्मांक नव्हे. पण टीका करायला आधी रेषा असावी लागते. ‘गरिबी हटाव’ ही घोषणा त्याच वर्षीची. घोषणेत गरीब किती आहेत हे सांगावे लागत नाही. अभ्यासात सांगावे लागते, आणि मग ‘किती हटली’ हेही विचारता येते.

आता अपराधाविषयी.

बीड जिल्ह्यातल्या ज्या महाविद्यालयात मी शिकवत होते, तेथे राष्ट्रीय सेवा योजनेचे काम माझ्याकडे होते. २०१६ च्या डिसेंबरात दत्तक गावात आमचे सात दिवसांचे शिबिर झाले. कार्यक्रमात वृक्षसंवर्धन होते, व्याख्याने होती आणि ‘संपूर्ण ग्राम सर्वेक्षण’ही होते. गाव ११२ उंबऱ्यांचे. मी तीस मुलामुलींना अर्ज वाटून दिले. कुटुंबात माणसे किती, जमीन किती, शौचालय आहे का, सहा ते चौदा वयाची मुले शाळेत जातात का. दुसऱ्या दिवशी दुपारी मुले परत आली. एकेचाळीस घरांना कुलूप होते. एका ओट्यावर एक म्हातारी बसली होती, तिला मी शेजारच्या घराविषयी विचारू लागले. ‘आवं म्याडम, कुलपाला काय इचारायलात?’ ती म्हणाली. ‘पोरं कारखान्याला गेलीत. दिवाळी झाली की जातेत, पाडव्याला येतेत.’

मला हे ठाऊक नव्हते असे नाही. बीडमध्ये राहणाऱ्याला ऊसतोड ठाऊक नसेल असे कसे होईल? मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायको मिळून एक कोयता धरायचा आणि पाच-सहा महिने कारखान्याच्या फडावर पाचटाच्या कोपीत काढायचे. सांभाळायला घरी कोणी नसेल तर मुलेही बरोबर. माझ्या वर्गातल्या कित्येकांचे आईवडील त्याच वेळी कोल्हापूर-सांगलीकडे, काहींचे कर्नाटकात होते. ठाऊक होते, पण अर्जात त्यासाठी रकाना नव्हता.

‘मॅडम, बंद घरांचं काय करायचं?’ एका मुलाने विचारले.

‘शेजाऱ्यांना विचारून भरा,’ मी म्हणाले.

शेजारी तरी किती सांगणार? एकेचाळीस अर्ज मारुतीच्या पारावर, कडुलिंबाच्या सावलीत, संध्याकाळपर्यंत भरून झाले. मी ते पाहिले. मुलांचे अक्षर नेहमीपेक्षा सुबक होते, कारण विचारायचे कोणाला नव्हते. महाविद्यालयाला मूल्यांकनासाठी संपूर्ण सर्वेक्षणाचा अहवाल हवा होता आणि ‘संपूर्ण’ हा शब्द आम्ही असा पूर्ण केला. अहवालात शाळाबाह्य मुलांच्या रकान्यासमोर मी स्वतःच्या हाताने लिहिले : ‘निरंक’.

‘निरंक’ हा आपल्या कार्यालयीन मराठीतला मोठा निर्मळ शब्द आहे. त्याचा अर्थ शून्य. पण शून्य म्हणजे मोजून काही न सापडणे, आणि निरंक म्हणजे पुष्कळदा न मोजणे. अहवालाचे कौतुक झाले. मला त्या रात्री कुळांचा तो जुना शब्द आठवला, ‘स्वखुशीने’. ज्या नोंदीवर विश्वास ठेवायला त्या दोघा संशोधकांनी नकार दिला होता, तशीच एक नोंद आता मी करून ठेवली होती. पन्नास वर्षांनी कोणी त्या गावाचा अभ्यास करील, तेव्हा माझे निरंक त्याच्यासमोर पुरावा म्हणून येईल.

अपराध एवढ्यावर थांबत नाही, तो मला परत संस्थेकडेच घेऊन जातो. आपली शिबिरे नेहमी डिसेंबर-जानेवारीत होतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत गावातली सर्वांत गरजू माणसे गावात नसतात. म्हणजे बेइमानी न करतादेखील आमचे सर्वेक्षण दरवर्षी गाव आहे त्यापेक्षा सुखी दाखवणार. आणि ती माणसे जातात कोठे? साखर कारखान्यांच्या उसात. सहकारी साखर कारखानदारीच्या उभारणीत गाडगिळांचा वाटा मोठा. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर त्यांनी शेतकऱ्यांचा कारखाना उभा केला, सुरुवातीची वर्षे त्याचे अध्यक्षपद सांभाळले. त्याआधी, १९४८ मध्ये, गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष लाभांची त्यांची पाहणी प्रसिद्ध झाली होती. पाट आला, जिराईत रान बागाईत झाले, शेतकरी सावकाराच्या आणि खाजगी कारखानदाराच्या हातून सुटला. हे सारे खरे, आणि मोठे. पण बागाईत वाढले तसा त्या उसाला तोडणारा हातही लागला, आणि १९७२ च्या दुष्काळानंतर तो मुख्यतः आमच्यासारख्या जिराईत भागातून आला. एका काठाच्या लाभाच्या हिशेबात दुसऱ्या जिल्ह्यातल्या कुलपांची नोंद कोठे करायची?

गाडगिळांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. ते असते तर ही पाहणी त्यांनीच हाती घेतली असती, असे मला वाटते. दांडेकरांनी तर एका अर्थी ते केलेही. १९८४ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने महाराष्ट्राच्या प्रादेशिक असमतोलाचे मोजमाप करून जिल्ह्यागणिक ‘अनुशेष’ काढला. मराठवाड्यात तो शब्द आजही लहानथोरांच्या तोंडी आहे. ज्या परंपरेने साखरेच्या सुबत्तेला हातभार लावला, तिच्यातूनच त्या सुबत्तेबाहेर राहिलेल्यांचा हिशेब करण्याची भाषाही आली. चांगल्या संस्थेची ओळख मला यातच दिसते. तिची चूक दाखवायला लागणारी साधने तिनेच दिलेली असतात.

एक तक्रार मात्र मनात राहते. पाहणीचे प्रश्न मराठीत विचारले गेले. बायकांनी किती मुले झाली, किती गेली, हे मराठीत सांगितले. दांडेकर दांपत्याचे पुणे जिल्ह्यातील जनन-मृत्यूचे १९५३ चे पुस्तक अशा उत्तरांवरच उभे आहे. पण बहुतेक अहवाल इंग्रजीत झाले. संस्थेचे नियतकालिक १९५९ मध्ये निघाले. त्याचे नाव ‘अर्थविज्ञान’, मजकूर इंग्रजी. ‘महाराष्ट्राची ग्रामीण समाजरचना’ यासारखी मराठी पुस्तके थोडी. पुढे दांडेकरांच्याच दुसऱ्या संस्थेने ‘अर्थबोधपत्रिका’ हे मराठी मासिक चालवले, हे आवर्जून सांगायला हवे. तरीही ज्या ओट्यावरून उत्तर आले त्या ओट्यापर्यंत निष्कर्ष परत गेला नाही. आणि आम्ही मराठीवाल्यांनी तो नेण्याचा प्रयत्न केला नाही. आम्हाला ते आमचे काम वाटले नाही.

गाडगीळ मे १९७१ मध्ये दिल्लीहून पुण्याला परतताना रेल्वेप्रवासातच वारले. संस्थेला १९९३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. २०२४ आणि २०२५ मध्ये तिचे नाव वर्तमानपत्रांत पुनःपुन्हा आले ते पाहण्यांसाठी नव्हे, कारभाराविषयीच्या वादांसाठी. त्या बातम्या वाचताना वाईट वाटले. पण मला त्या संस्थेकडून जे मिळाले ते २००२ च्या उन्हाळ्यात मिळून गेले होते, आणि त्याचे मी काय केले, हा प्रश्न माझा होता.

२०१७ च्या आषाढात, पेरण्या उरकल्यावर, चार विद्यार्थ्यांना घेऊन मी त्या गावी पुन्हा गेले. कुलपे निघालेली होती. एकेचाळीसपैकी अडतीस घरांचे अर्ज आम्ही नव्याने भरले. तीन घरे अजून बंद होती. त्यांच्या अर्जांवर ‘बंद’ असे लिहून सह्या केल्या. हंगामात आईवडिलांबरोबर जाऊन शाळा बुडालेली मुले तेवीस निघाली. ती म्हातारी त्याच ओट्यावर होती. या वेळी तिच्या मुलाने आणि सुनेने उत्तरे दिली, आणि ती शेजारी बसून मध्येच त्यांच्या चुका दुरुस्त करत होती.

आधीचा अहवाल चुकीचा असल्याचे पत्र मी महाविद्यालयाला दिले. त्यावर ‘दप्तरी दाखल’ असा शेरा बसला. ते अर्ज माझ्या कपाटात आहेत. वरच्या कागदावर मी गावाचे नाव घातले आहे, महिना घातला आहे आणि पाहणीच्या वेळी किती घरे उघडी होती तो आकडाही घातला आहे.